पडून राहिलेल्या गाडीची किंमत

२९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारत स्टेज-३ मानकाच्या वाहनांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली आणि उत्पादक व विक्रेते यांच्याकडे पडून असलेल्या सुमारे ८ लाख वाहनांवर दोन दिवस सवलतींची खैरात झाली. पडून राहिलेला माल विकणाऱ्यास किती भारी पडतो, हे त्या वेळी उघड झाले. विक्रेता वाहने बहुधा कर्जाने उचलतो. गाडी दुकानात उभी राहिली की व्याज चढत जाते. तेव्हा सवलत हे औदार्य नव्हे, व्याजातून करून घेतलेली सुटका होय.

बीड जिल्ह्यात बोलेरो कॅम्परसारखी माणसे व माल दोन्ही वाहणारी गाडी ही चैन नसून उपजीविकेचे साधन आहे. येथे पैसा येतो तो कापसाच्या व उसाच्या हंगामात. एरवी सवलतीच्या मोहाने कर्ज काढले, तर विक्रेत्याच्या डोक्यावरचे व्याज ग्राहकाच्या डोक्यावर येते.

शिवाय फेरविक्रीच्या वेळी उत्पादनाचे वर्ष पाहिले जाते. विम्याच्या कोष्टकात सहा महिन्यांवरील गाडीची किंमत १५ टक्के, तर वर्षावरील गाडीची २० टक्के घटलेली धरण्याची रीत आहे. न वापरलेल्या गाडीस हे माप थोडे कठोर आहे. तथापि घासाघीस तेथूनच सुरू व्हावी.

बिस्किटाच्या पुड्यावर उत्पादनाचा महिना छापणे कायद्याने बंधनकारक आहे. लाखो रुपयांच्या गाडीचा तो महिना मात्र अनेक ग्राहकांच्या नजरेस पडतो तो नोंदणीपुस्तकात, म्हणजे पैसे मोजून झाल्यावर. किमतीच्या फलकावरच तो लिहिणे सक्तीचे केले पाहिजे.