फराह बागेतलं पाणी आणि आपल्या धंद्यातलं खेळतं भांडवल



मागच्या रविवारी आपल्या बॅचमधल्या दहा-बारा जणांना घेऊन मी फराह बागेत गेलो होतो. नगरची जुनी माणसं तिला 'फर्‍याबाग' म्हणतात. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण बोलताना तोंडात अजून 'नगर' येतंच, तेवढं समजून घ्या. व्हिडिओत महाल दाखवला, पण तिथे झालेली चर्चा पूर्ण घेता आली नाही. म्हणून हे लिहितोय.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शहराच्या आग्नेयेला, भिंगारच्या बाजूला निजामशाहीतला एक अष्टकोनी महाल आहे. दोन मजले, दगड-चुन्याचं काम, मध्ये घुमटाचा उंच दिवाणखाना आणि चारही बाजूंना मोठाल्या कमानी. मुर्तझा निजामशहाच्या काळात, १५८३ मध्ये, तो पूर्ण झाला. ते काम त्याचा वजीर सलाबतखान याने तडीस नेलं. हा किल्ला नव्हे. सुलतानाने शहराबाहेर, निवांत राहण्यासाठी बांधलेलं हे घर. महालाच्या चारही बाजूंनी तलाव होता आणि तलावाभोवती बाग.

आज महाल उभा आहे. तलावाच्या जागी मात्र मोठा खोलगट भाग आणि गवत दिसतं. बाग तर नावापुरतीच उरलीय.

तिथे येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो. आमच्यातही दोघं-तिघं बोललेच : "सर, काय बांधकाम आहे! साडेचारशे वर्षं होत आली तरी हलत नाही. नाहीतर आजची बिल्डिंग, पाच वर्षांत गळते."

मला हे कौतुक अर्धवट वाटतं. राजाने नुसती इमारत मागितली नव्हती, त्याला उन्हाळ्यात गारवा हवा होता. त्या कमानी एवढ्या मोठ्या ठेवल्या त्या पाण्यावरून येणारा वारा आत खेळावा म्हणून. पाणी गेलं आणि त्या कमानींचं कामच संपलं. म्हणजे साडेचारशे वर्षं टिकलंय ते फक्त कवच. ज्या कारणासाठी हा सगळा खर्च केला ते केव्हाच बंद पडलंय.

आणि ते पाणी काही आपोआप येत नव्हतं. आपला भाग पर्जन्यछायेचा. वर्षाला साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. निजामशाहीत या शहराला पाणी यायचं ते कापूरवाडीसारख्या डोंगरपायथ्याच्या गावांकडून, जमिनीखालच्या खापरी नळांतून. फार हुशारीची व्यवस्था होती ती. पण असा नळ एकदा बांधला की काम संपत नाही. गाळ बसतो, झाडांची मुळं आत शिरतात, खापर फुटतं. दरवर्षी माणसं लावून साफ करावं लागतं आणि त्या माणसांना पगार द्यावा लागतो.

आता तारखा बघा. १५८३ ला महाल पूर्ण. १५८८ ला मुर्तझाचा खून झाला, तोही त्याच्या मुलाकडूनच. १६०० मध्ये नगरचा किल्ला अकबराच्या फौजेने घेतला. म्हणजे महाल पूर्ण झाल्यापासून १७ वर्षांत ज्याच्या तिजोरीतून हा खर्च व्हायचा तो मालकच गेला. दगडाला पगार लागत नाही, म्हणून दगड राहिला. पाण्याला आणि झाडांना दर महिन्याला कोणीतरी लागतं.

मराठीत आपण 'खेळतं पाणी' म्हणतो आणि 'खेळतं भांडवल'सुद्धा म्हणतो. बीबीएला मी 'वर्किंग कॅपिटल'ची व्याख्या पाठ केली होती, मार्कही चांगले पडले होते. पण अर्थ कळला तो दुकान काढल्यावर.

मी लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान काढलं तेव्हा हातात ६ लाख होते. त्यातले ३ लाख ८० हजार गेले फर्निचर, काच, लाइट, एसी आणि बोर्डात. ६० हजार डिपॉझिट. माल भरला दीड लाखाचा. उरले १० हजार. उद्घाटनाला सगळे म्हणाले, "वा, पुण्यातल्यासारखं दुकान केलंस!" मी खूश.

दोन महिन्यांनी दिवाळी आली. चालणारे साइज संपले होते. होलसेलर नव्या गिऱ्हाइकाला उधार देईना, त्याचंही बरोबरच होतं. दुकानात गर्दी व्हायची, लोक एसीत उभे राहायचे आणि "पाच वर्षांच्या मुलाचं नाही का?" विचारून शेजारच्या साध्या दुकानात जायचे. त्याच्याकडे पंखा होता, पण माल होता. शेवटी वडिलांनी एफडी मोडून पैसे दिले. बोलले काहीच नाहीत. ते न बोलणं मला अजून आठवतं.

म्हणून फराह बागेत उभं राहिलो की मला माझंच पहिलं दुकान दिसतं.

त्या दिवशी बॅचमधला एक जण म्हणाला, "सर, इथे समोर एक कॅफे टाकला तर काय चालेल!" कल्पना वाईट नाही, पण आधी दोन गोष्टी समजून घ्या. पहिली कायद्याची. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. शिवाय आजूबाजूला लष्कराचा भाग आहे. दुसरी गोष्ट महत्त्वाची. जागा बघितल्याबरोबर आपल्या डोक्यात बांधकामच का येतं? त्याच जागी एखाद्याला आपल्या शहराचा इतिहास नीट सांगता येत असेल, तर किल्ला, बागरोजा, सलाबतखानाची कबर आणि फराह बाग असा दिवसभराचा फेरफटका तो चालवू शकतो. शिर्डी आणि शिंगणापूरला येणारी किती माणसं नगरवरून जातात! आवश्यक परवानग्या घ्या, अभ्यास करा, गाडी भाड्याची ठेवा. यात पैसा भिंतीत अडकत नाही.

जगात यावर उपाय शोधलेली माणसंही आहेत. इंग्लंडमध्ये लाँगलीट नावाची एक जुनी जहागिरी हवेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर वारसा कर भरता भरता मालक लॉर्ड बाथ यांच्या नाकी नऊ आले. त्यांनी १९४९ मध्ये हवेली तिकीट लावून लोकांना खुली केली. खानदानी लोकांनी नावं ठेवली असतील, पण हवेली स्वतःचा खर्च स्वतः काढायला लागली. १९६६ मध्ये त्यांनी तिथे सफारी पार्कही सुरू केलं. आजही लोक तिथे घर आणि बाग बघायला जातात. फरक एवढाच की त्या घराला स्वतःचा गल्ला मिळाला. आपल्या महालाचा गल्ला राजाच्या तिजोरीत होता.

आता तुम्ही म्हणाल, "सर, मग दुकान चांगलं दिसायला नको का?" हवंच. फराह बाग सुंदर आहे म्हणूनच आपण तिथे गेलो. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी पाण्याची सोय, मग कमानी.

आमच्या बॅचमध्ये एक ताई आहेत, मिसळ सेंटर काढतायत. हातात ८ लाख, त्यातले साडेपाच इंटिरियरला द्यायचं ठरलं होतं, सुताराला टोकन द्यायचं बाकी होतं. महालाच्या पायरीवर बसून आम्ही त्यांचा महिन्याचा हिशेब मांडला. भाडं १२ हजार, लाइट ३ हजार, एक मदतनीस ९ हजार, कर्जाचा हप्ता ६ हजार आणि त्यांचं घर चालवायला १५ हजार. झाले ४५ हजार. सहा महिन्यांचे २ लाख ७० हजार. साडेपाच लाख सुताराला दिले तर हातात उरतात अडीच. म्हणजे पहिली मिसळ विकायच्या आधीच २० हजार कमी. त्यात गॅस, भांडी, डिपॉझिट, किराणा धरलेलाच नाही.

ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तळं कोरडं ठेवूनच महाल बांधत होते." त्यांनी अजून अंतिम निर्णय घेतलेला नाही, घरी बोलून सांगते म्हणाल्या. मीही घाई करू नका म्हटलं.

तुम्हीही हे आजच करा. वहीच्या पानावर दोन रकाने पाडा. एकावर लिहा 'दगड', म्हणजे एकदाच होणारा खर्च. दुसऱ्यावर 'पाणी', म्हणजे दर महिन्याला लागणारा. त्यात स्वतःच्या घरखर्चाला विसरू नका, बहुतेक जण तिथेच फसतात. 'पाण्याचे' सहा महिन्यांचे पैसे वेगळ्या खात्यात टाका आणि उरलेल्यात दुकान सजवा. उरलेले कमी वाटले तर दुकान छोटं करा, खातं छोटं करू नका.

आणि एखाद्या सकाळी ओळखपत्र बरोबर घेऊन फराह बागेत नक्की जा. मुलांनाही न्या. भिंतीवर नावं कोरू नका, कचरा करू नका. खालच्या मोकळ्या जागेत उभं राहून वर महालाकडे बघा आणि विचार करा, माझ्या धंद्यात दर महिन्याला पाणी कुठून येणार आहे?

उत्तर मिळालं तर कॉमेंटमध्ये लिहा. नाही मिळालं तर तेही लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.