पिस्तुलाची नोंद झाली, धमकीची नाही

गेल्या महिन्यात आमच्या एका जुन्या दोस्ताने पिस्तूल घेतले. ठेकेदार माणूस, रस्त्यांची आणि नाल्यांची कामे घेतो, सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांशी उठबस. परवान्यासाठी त्याने दीड-दोन वर्षे खेटे घातले. अखेर परवाना आला, ईशापूरच्या सरकारी कारखान्यातले ३२ बोअरचे पिस्तूल आले, आणि नोंदणीची राहिलेली माहिती ऑनलाइन भरायला त्याने मला बोलावले. म्हणाला, "तू लिहिणारा माणूस, तुला फॉर्म कळतात."

फॉर्म मला खरोखरच कळतात. आमच्या समाजातल्या चार बुके शिकलेल्या माणसाचे निम्मे आयुष्य दुसऱ्यांचे फॉर्म भरण्यात जाते. रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, जन्मदाखल्यातले नाव, हज कमिटी. पिस्तुलाचा मात्र पहिलाच. परवानाधारकाचा यूआयएन, म्हणजे शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदीतला त्याचा क्रमांक, हत्याराचा प्रकार, बोअर, हत्यारावर कोरलेला नंबर, विक्रेत्याचे नाव, पावती, काडतुसे किती. नंबर मी दोनदा वाचला, त्याने दोनदा तपासला. दुसऱ्या दिवशी तो पिस्तूल आणि परवान्याचे पुस्तक घेऊन पोलीस ठाण्यात गेला. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, हत्यार पाहिले, नोंद झाली. वीस मिनिटे.

त्याच ठाण्यात दोन महिन्यांपूर्वी माझा भाचा सकाळी दहापासून मगरिबच्या अजानपर्यंत बसून होता. तो जनावरांचा व्यापार करतो. म्हशी भरलेली त्याची गाडी रात्री अडवली गेली. कागद होते, बाजार समितीची पावती होती, म्हशीला राज्यात कत्तलबंदीही नाही. तरी मारहाण झाली, चाळीस हजार रुपये काढून घेतले, आणि जाताना सांगितले की पुढच्या वेळी गाडीसकट जाळू. ठाण्यात त्याला एवढेच सांगण्यात आले की अर्ज देऊन जा, बघू. अर्जाच्या प्रतीवर शिक्कासुद्धा मारून दिला नाही.

पिस्तुलाच्या खुशीत दोस्ताने दावत ठेवली तेव्हा भाचाही आला होता. लोक मुबारकबाद देत होते, पिस्तूल हातोहात फिरत होते. (मॅगझिन काढलेले होते, तरी मला ते बघवत नव्हते. मस्जिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत, कुणाला इजा होऊ नये, अशी हदीस आम्ही लहानपणी शिकलो. दस्तरखानावरच्या पिस्तुलाला ती लागू नसावी.) निघताना भाचा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मामू, मलाही तो फॉर्म भरून द्या."

मी नाही म्हणालो. तो रागावला, दोस्तही रागावला. मी डरपोक आहे असे दोघांचे मत झाले. म्हणून हे लिहितो आहे.

आधी भाच्याची बाजू. ती कच्ची नाही. तो म्हणतो, ज्याला खरी धमकी आहे त्याला परवाना मिळावा असे कायदाच म्हणतो ना? मग मला धमकी आहे. आणि ज्यांना मिळाले त्यांना कसली धमकी होती? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण बीड डोळ्यांसमोर आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या परवान्यांचा हिशेब बाहेर आला. बाराशेहून अधिक परवाने. गुन्हे दाखल असलेल्यांच्या कमरेलाही परवान्याची पिस्तुले. हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर. बोभाटा झाल्यावर प्रशासनाने शंभरावर परवाने रद्द केले. पण रद्द होण्याआधी ते सगळे कायदेशीरच होते. प्रत्येक अर्जावर पोलिसांचा अहवाल मागवला गेला असणार, कारण त्याशिवाय परवाना देता येत नाही. प्रत्येक हत्याराचा नंबर कुठल्या ना कुठल्या संगणकात बसलेला होता. नोंदीत काही कमी नव्हते. कमी होते ते नोंद करणाऱ्याच्या नजरेत.

मुंबईतही तेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या घातल्या गेल्या. हत्यार मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे, परवाना उत्तर प्रदेशातला, आणि मुंबई पोलिसांकडे त्याची नोंदच नव्हती असे तपासात पुढे आले. तेव्हा सगळे म्हणाले, नोंद असती तर! नोंद असती तर काय झाले असते? ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाच्या बंदुकीतून आधी त्याचा वरिष्ठ अधिकारी आणि मग वेगवेगळ्या डब्यांत तीन मुस्लिम प्रवासी मारले गेले. त्या बंदुकीइतकी चोख नोंद कुठल्या हत्याराची असेल? सरकारी शस्त्रागारातून सही करून दिलेली बंदूक होती ती.

नोंदणी नको, असे मी म्हणत नाही. नोंदणी हवीच, कडक हवी. पण नोंदणीने हत्यार सापडते, माणूस सुधारत नाही. आणि परवाना कुणाला द्यायचा हे ठरते तिथे आपण कुठे उभे आहोत, याचा विचार फॉर्म भरण्याआधी करायला हवा.

या कायद्याच्या जन्मातच ती खोट आहे. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. १८५७ ची धास्ती अजून गेली नव्हती. हिंदी माणसाने परवाना काढायचा आणि युरोपियनाला सूट, असा तो कायदा. हत्यार काय आहे याआधी तुम्ही कोण आहात हे विचारणारा. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा कायदा केला, जातीधर्माचा रकाना काढला, धमकी आणि गरज हे निकष ठेवले. चांगले केले. पण २०२५ मध्ये आसाम सरकारने तो रकाना मागच्या दाराने परत आणला. मे महिन्यात मंत्रिमंडळाने ठरवले की 'असुरक्षित आणि दुर्गम' भागांतल्या 'मूळनिवासी आणि देशी' नागरिकांना शस्त्र परवाने सढळपणे देऊ. ऑगस्टमध्ये त्यासाठी ऑनलाइन अर्जाची सोय झाली. भाग कोणते? धुबरी, बारपेटा, नगाव, मोरीगाव, दक्षिण सालमारा. बंगाली मुस्लिमांची दाट वस्ती असलेले जिल्हे. म्हणजे शेजारी शेजारी दोन घरे, दोघांकडे भारताचे मतदार ओळखपत्र. एकाने संकेतस्थळावर जाऊन बंदूक मागायची आणि दुसरा हे त्या मागणीचे कारण.

मोरीगावचे नाव ऐकून माझ्या पिढीच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. नेल्ली त्याच जिल्ह्यात आहे. १८ फेब्रुवारी १९८३ ला तिथे आणि आसपासच्या गावांत एका सकाळीत जी माणसे मारली गेली त्यांचा सरकारी आकडाच १,८०० च्या वर जातो. बहुतेक बायका आणि मुले, कारण त्यांना पळता आले नाही. दाव, भाले, काठ्या पुरल्या होत्या. त्या भूमीवर सरकार आता परवान्याच्या बंदुका वाटणार आणि त्याला सुरक्षा म्हणणार.

भाचा म्हणतो, मग तेच तर मी सांगतोय मामू, ते हत्यारबंद होणार आणि आपण बघत बसायचे?

याचे उत्तर मी त्याला गुलबर्ग सोसायटीतून दिले. २८ फेब्रुवारी २००२, अहमदाबाद. एहसान जाफरी वकील होते, लोकसभेचे खासदार राहिलेले होते. शेजारपाजारचे लोक त्यांच्या घरात गोळा झाले होते, कारण साहेबांची ओळख आहे, साहेब फोन लावतील. त्यांनी फोन लावले. मदत आली नाही. बाहेर हजारोंचा जमाव. त्यांच्याकडे हत्यार होते आणि त्यांनी त्यातून गोळ्या झाडल्या. पुढे काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे, ६९ माणसे गेली, जाफरीही गेले. पण चौदा वर्षांनी, जून २०१६ मध्ये निकाल आला त्यात काय आहे ते फार लोकांनी वाचलेले नाही. न्यायालयाने २४ जणांना दोषी ठरवले, आणि त्याच निकालात असेही नोंदवले की जाफरींच्या गोळीबाराने जमाव भडकला. विशेष तपास पथकाचीही मांडणी तीच होती. मारायला आलेला जमाव मरणाऱ्याच्या गोळीमुळे चिडला! त्या हत्याराने जाफरींचा जीव वाचवला नाही. मारणाऱ्यांचा अपराध मात्र हलका केला.

माजी खासदाराचे हे झाले. म्हशींच्या व्यापाऱ्याचे काय होईल? रात्री महामार्गावर गाडी अडवलेली, समोर पंचवीस पोरे, त्यांच्या हातात मोबाइल, व्हिडिओ चालू. भाच्याने पिस्तूल नुसते दाखवले तरी तो दहा सेकंदांचा तुकडा सकाळपर्यंत देशभर फिरेल. मारहाण त्यात नसेल, चाळीस हजार नसतील. टोपीवाला हात आणि पिस्तूल एवढेच असेल. यूआयएन बरोबर होता हे सांगायला कोणते चॅनेल येणार आहे?

आणि मुळात सरकार आपल्याला काय विकते आहे हे पाहा. दिल्लीतल्या बलात्काराच्या घटनेनंतर देश रस्त्यावर आला, तेव्हा २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने बायकांसाठी म्हणून हलके रिव्हॉल्व्हर काढले. नाव 'निर्भीक', किंमत सव्वा लाखाच्या आसपास. रस्त्यावर दिवे लावता येत नाहीत, ठाण्यात बाईची तक्रार नीट घेता येत नाही, पण सव्वा लाख असतील तर निर्भय होण्याची सोय आहे. ज्या राज्याने संरक्षण द्यायचे तेच हत्यार विकून मोकळे होते. आपणही ते घेऊन मोकळे झालो की हिशेब मिटला. मग मारहाण झाली तर प्रश्न येणार, तुझ्याकडे पिस्तूल होते ना?

म्हणून मी भाच्याला दुसरा फॉर्म भरून दिला. त्यात मर्दानगी काही नाही, दावतही ठेवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही केली की ती नोंदीवर घ्यावी लागते. ठाण्याने टाळले तर पोलीस अधीक्षकांकडे, तिथेही टाळले तर दंडाधिकाऱ्यांकडे. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितले. झुंडीच्या हिंसेबद्दल २०१८ च्या तहसीन पूनावाला निकालात प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितले आहे. आमच्या जिल्ह्यात तो अधिकारी कोण, हे मी चार पत्रकारांना आणि दोन वकिलांना विचारले. एकालाही नाव सांगता आले नाही. पिस्तुलाची चौकशी कुठल्या टेबलावर करायची हे मात्र चौघांनाही ठाऊक होते.

हे निकाल कागदावरच आहेत, मला माहीत आहे. ठाण्यातला माणूस कलम १७३ ऐकून हसेल, हेही माहीत आहे. पण बीडच्या दलालांना पिस्तुले मिळाली म्हणून आपल्यालाही मिळावीत, या मागणीपेक्षा ठेकेदाराचे पिस्तूल वीस मिनिटांत नोंदवले जाते तर म्हशीवाल्याची धमकीही वीस मिनिटांत नोंदवा, ही मागणी मला खरी समानतेची वाटते. हिच्यासाठी आमच्या जमातींनी, कमिट्यांनी, जलशांत गरजणाऱ्या मौलानांनी ठाण्यासमोर बसलेले मी अजून पाहिलेले नाही. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी बिरादरीने राज्यभर जनावरांची खरेदी बंद ठेवली, तेव्हा कुठे गाडी अडवणाऱ्यांचा विषय सरकारच्या टेबलावर गेला. त्यासाठी काडतुसे लागली नाहीत. शेतकऱ्यांची भाकड जनावरे दावणीला राहिली आणि तेही बोलायला लागले.

दोस्ताने मला निरोप पाठवला आहे की त्याच्या पिस्तुलावर मी लिहिणार असेन तर त्याचे नाव घालू नये. घातलेले नाही. त्याच्या घरात आठ आणि अकरा वर्षांची दोन मुले आहेत. ते पिस्तूल रात्री कुठे ठेवतो, एवढे मी त्याला विचारले होते. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

भाच्याची तक्रार शुक्रवारी रात्री ई-मेलने गेली. मारहाण, लूट, जाळण्याची धमकी, गाडी अडवणाऱ्या दोन वाहनांचे नंबर, बाजार समितीच्या पावतीचा फोटो. सोमवारी सही करायला जायचे आहे. सोबत मी जाणार आहे आणि त्याच्याकडून नेहमी म्हशी घेणारे दोन हिंदू शेतकरी आपणहून येतो म्हणाले आहेत. डबा घेऊनच निघू, बसावे लागले तर.