घरच्या अभ्यासाला खरे नाव द्या

बाळापूर हे वऱ्हाडातले जुने, नावाजलेले गाव. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील किल्ला, मोगल काळातील लष्करी ठाणे आणि बाळादेवीचे देऊळ ही त्याची ओळख. अकोल्याहून अवघ्या पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर, राष्ट्रीय महामार्गालगत असलेल्या या गावातून रोज सकाळी अकोल्याकडे विद्यार्थ्यांचा एक प्रवाह वाहतो. परंतु या प्रवाहातील प्रत्येक मुलगा महाविद्यालयात जातो असे समजण्याचे कारण नाही. अकोला हे आता वऱ्हाडातील खासगी शिकवणी वर्गांचे माहेरघर झाले आहे. बारावी विज्ञानाच्या कित्येक विद्यार्थ्यांचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर असते आणि अभ्यास मात्र दुसरीकडेच, म्हणजे शिकवणी वर्गात नाहीतर भाड्याच्या खोलीत चालतो. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेपुरते महाविद्यालयाचे दर्शन घ्यायचे, एरवी हजेरीपटावर उपस्थिती लागलेलीच असते. राज्य शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीची सक्ती केली ती याच कारणाने. त्या सक्तीचे पुढे काय झाले, हे प्रत्येक पालक जाणतो.

वस्तुतः ज्याला पाश्चात्त्य देशांत ‘होमस्कूलिंग’ म्हणतात, ते आपल्याकडे या चोरवाटेने कधीच येऊन पोहोचले आहे. फरक एवढाच, की तिकडचे पालक ‘आमचे मूल घरी शिकते’ असे उघड सांगतात आणि आपले पालक खोट्या हजेरीची फी भरून तेच करतात. सोळा वर्षांच्या मुलाला आयुष्यातील पहिला मोठा व्यवहार असत्याच्या पायावर शिकवायचा आणि त्याच मुलाकडून पुढे चारित्र्याची अपेक्षा धरायची, ही विसंगती संस्कारांची भाषा बोलणाऱ्या घरांना तरी बोचली पाहिजे. विशेष म्हणजे हे असत्य आता अनावश्यकही झाले आहे. घरी राहून, प्रामाणिकपणे शिकून, परीक्षा देऊन उच्च शिक्षणाचे श्रेयांक मिळविण्याच्या वाटा गेल्या काही वर्षांत कायदेशीरपणे खुल्या झाल्या आहेत. त्यांची माहिती मात्र घराघरांत पोहोचलेली नाही.

बाहेरून परीक्षा : जुनी परंपरा

घरी शिकून परीक्षा देणे महाराष्ट्राला नवीन नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी रमाबाईंना घरीच शिकविले. अण्णासाहेब कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाने घरी अभ्यास करणाऱ्या स्त्रियांना बाहेरून परीक्षेस बसण्याची मुभा दिली आणि संसार सांभाळून पदवी घेणाऱ्या स्त्रियांच्या पिढ्या त्यातून उभ्या राहिल्या. ‘बाहेरून बी.ए. केले’ हे वाक्य वऱ्हाडातील शिक्षक, तलाठी, बँक कर्मचारी यांच्या घरांत आजही सहज ऐकू येते. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली त्याने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन तालुक्या-तालुक्याला अभ्यासकेंद्रे उभी केली. त्याच वर्षी दिल्लीत राष्ट्रीय मुक्त विद्यालय सुरू झाले. २००२ पासून ते राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने ओळखले जाते.

राज्य मंडळाचा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ तर खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे. तथापि त्याच्याकडे नापासांची, शाळा सुटलेल्यांची वाट म्हणून पाहिले जाते. ही दृष्टी बदलण्याची वेळ आली आहे.

श्रेयांक पेढीची व्यवस्था

या क्षेत्रातील मूलभूत बदल २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर झाला. जुन्या पद्धतीत पदवी हा एकसंध दगड होता; तीन वर्षे पूर्ण केली तर सारे मिळाले, मध्येच सुटले तर हाती काहीच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये श्रेयांक पेढीचे विनियम लागू केले आणि हा दगड विटांमध्ये विभागला गेला. विद्यार्थी जो विषय उत्तीर्ण होतो, त्याचे श्रेयांक या पेढीतील त्याच्या खात्यात जमा होतात. संस्था बदलली, मध्ये खंड पडला, तरी ते साधारणतः सात वर्षे वापरता येतात. पदवी ज्या संस्थेकडून घ्यायची, तिच्याकडून किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. उरलेले इतर मान्य संस्थांकडून आणता येतात. शासनाच्या ‘स्वयम्’ या शिक्षणमंचावरील अभ्यासक्रमांतून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची अनुमतीही आयोगाने २०२१ मध्ये दिली; २०१६ च्या नियमांत ही मर्यादा २० टक्के होती.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’वरील व्याख्याने विनामूल्य आहेत. प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून नेमलेल्या केंद्रावर समक्ष परीक्षा द्यावी लागते. घरी शिकावे, पण परीक्षा देखरेखीखाली द्यावी, हा या व्यवस्थेचा कणा आहे आणि तो योग्यच आहे.

किशोरवयीन विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे उदाहरण मद्रास येथील आयआयटीचे आहे. तिने २०२० मध्ये सुरू केलेल्या विदाविज्ञानाच्या ऑनलाईन अभ्यासक्रमाला जेईईची अट नाही. चार आठवड्यांचा अभ्यास घरी करून पात्रता परीक्षा द्यायची, इतकेच. अकरावीची वार्षिक परीक्षा दिलेला विद्यार्थीही ही पात्रता मिळवून आपली जागा निश्चित करू शकतो आणि बारावी उत्तीर्ण होताच अभ्यासक्रमात दाखल होऊ शकतो. उत्पन्न व प्रवर्गानुसार शुल्कात मोठी सवलत आहे. फाउंडेशन, डिप्लोमा आणि पदवी अशा टप्प्यांवर बाहेर पडण्याची सोय आहे. बाळापुरातील एखाद्या शिंप्याच्या किंवा कापूस उत्पादकाच्या मुलाला वसतिगृहाचा खर्च न करता आयआयटीच्या प्राध्यापकांकडून शिकता यावे, ही गोष्ट एका पिढीपूर्वी कोणी स्वप्नातही आणली नसती.

बारावीचा उंबरठा

परंतु येथेच एक मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. बारावीपूर्वी मिळवलेले महाविद्यालयीन श्रेयांक आपल्याकडे अद्याप सुरळीतपणे पदवीत मिळत नाहीत. अमेरिकेत १९९३ पर्यंत सर्व राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर झाले. तेथे अशा कुटुंबांतील मुले सोळाव्या-सतराव्या वर्षी ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ वा ‘क्लेप’ या परीक्षा देतात, कित्येकदा जवळच्या महाविद्यालयातील विषयही शिकतात आणि गुणांनुसार पदवीचे काही विषय आधीच पूर्ण करून प्रवेश घेतात. कोणते गुण स्वीकारायचे हे प्रत्येक महाविद्यालय ठरवते. त्यामुळे पालकांचा वेळ आणि पैसा, दोन्ही वाचतात.

आपल्याकडे २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय आणि उच्च शिक्षणाचे श्रेयांक एकाच सूत्रात ओवले आहेत. वर्षाला १२०० तासांचे अध्ययन म्हणजे ४० श्रेयांक, हे त्याचे गणित. मात्र अकरावीतील हुशार मुलीने ‘स्वयम्’वर पदवीचा विषय उत्तीर्ण केला, तर दोन वर्षांनी तिचे महाविद्यालय तो मोजेल की नाही, हे त्या महाविद्यालयाच्या मर्जीवर अवलंबून राहते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठासारख्या संस्थांनी या बाबतीत निःसंदिग्ध नियम प्रसिद्ध केले, तर वऱ्हाडातील हजारो घरांना नियोजन करता येईल.

बारावीचा उंबरठा किती कठीण असतो, हे मुंबईच्या मालविका जोशी हिच्या उदाहरणाने साऱ्या देशाला दाखवून दिले. आईच्या निर्णयाने शाळा सोडून घरी शिकलेल्या या मराठी मुलीने आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये भारतासाठी तीन पदके मिळविली. तरीही बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचे दार तिला बंद राहिले. चेन्नईच्या गणित संस्थेने तिच्या गुणवत्तेची कदर केली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतील एमआयटीने तिला प्रवेश दिला. देशाला पदके देणारी बुद्धी एका प्रमाणपत्राअभावी परदेशी गेली, याचा विचार धोरणकर्त्यांनी करावयाचा आहे. पालकांनी यातून घ्यावयाचा धडा मात्र निराळा आहे. प्रत्येक मूल ऑलिंपियाडचे पदक आणणार नाही. म्हणून घरी शिकणाऱ्या मुलाने दहावी आणि बारावीची मान्य परीक्षा, मुक्त विद्यालयातून असो वा सतरा नंबरच्या फॉर्मने, दिलीच पाहिजे. मुक्त विद्यालयात त्यासाठी पाच वर्षे आणि नऊ संधी मिळतात, वर्षातून दोनदा सार्वजनिक परीक्षा होते. ‘नीट’ परीक्षेसाठी मुक्त विद्यालयाची बारावी चालेल का, हा जुना वादही २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर निकाली निघाला.

मुलींचा प्रश्न

या सर्व विवेचनाची खरी कसोटी मुलींच्या बाबतीत लागते. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास आहे. परंतु पास आहे म्हणून गाडी वेळेवर येतेच असे नाही. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्कही शासनाने माफ केले. तरीही खेड्यातील मुलीचे शिक्षण थांबते, ते शुल्कामुळे कमी आणि अंतरामुळे, घरच्या धास्तीमुळे अधिक. डॉ. पंजाबराव देशमुखांनी हे अंतर ओळखले होते. अमरावतीचे श्रद्धानंद छात्रालय आणि पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्था ही त्यांची त्या अंतरावरची उत्तरे होती. खेड्यातील मुलाला शहरात आणून ठेवणे, हा त्या काळातील उपाय. शहरातील शिक्षण खेड्यातील घरात नेणे, हा आजचा उपाय होऊ शकतो.

होऊ शकतो, असे म्हणण्याचे कारण यात मोठा धोकाही दडलेला आहे. ‘ती घरीच शिकते’ हे वाक्य कित्येक घरांत शिक्षण थांबल्याचे सभ्य नाव ठरते. सकाळी स्वयंपाक, दुपारी भावंडे, हंगामात कापूस वेचणी आणि पुढच्या वर्षी लग्न, याला गृहशिक्षण म्हणता येत नाही. याचे एकच माप आहे : परीक्षेचे हॉल तिकीट. दर सत्रात मुलीच्या हाती कोणत्या परीक्षेचे हॉल तिकीट आले आणि खात्यात किती श्रेयांक जमा झाले, याचे उत्तर जे घर देऊ शकते, तेच घर तिला शिकवीत आहे. बाकी सारी सबब आहे.

दुसरा आक्षेपही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. शाळेच्या बाकावर निरनिराळ्या जातींची, निरनिराळ्या घरांची मुले शेजारी बसतात, डबा वाटून खातात, भांडतात आणि पुन्हा एक होतात. समाजाचा हा पहिला पाठ चार भिंतींत, एकट्या मुलाला, पडद्यासमोर बसवून शिकवता येत नाही. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच चौदा वर्षांपर्यंत शाळेचा पर्याय सहजासहजी सोडू नये. गृहशिक्षणाला आपल्या कायद्यात ना स्पष्ट मान्यता आहे ना स्पष्ट बंदी. त्या संदिग्धतेचा लाभ घेऊन लहान मुलांना शाळेपासून तोडणे हिताचे नाही. प्रश्न आहे तो दहावीनंतरचा, जेव्हा शाळेतला बाक तसाही रिकामाच पडतो आणि मूल शिकवणी वर्गाच्या गर्दीत एकाकी होते.

गावात अभ्यासिका हवी

उपाय अवघड नाही, परंतु तो शासनाच्या भरवशावर सोडण्यासारखाही नाही. प्रत्येक गावात देवळाचा सभामंडप, वाचनालय, एखादी वापरात नसलेली खोली असतेच. तेथे चार संगणक, इंटरनेटची जोडणी आणि संध्याकाळचे तीन तास, एवढ्या भांडवलावर अभ्यासिका उभी राहते. सेवानिवृत्त शिक्षकाने गणित पाहावे, बँकेतून निवृत्त झालेल्याने अर्ज, शुल्क आणि परीक्षा केंद्रांच्या तारखा सांभाळाव्यात, अभियांत्रिकीला गेलेल्या गावच्या तरुणाने सुटीत येऊन एक विषय शिकवावा. बहुतांश ऑनलाईन अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. ती भिंत ओलांडायला मुलांना मराठीत समजावून सांगणारा माणूस शेजारी हवा, आणि तो यंत्रातून मिळत नाही. शिवाय अशा अभ्यासिकेत सर्व वस्त्यांतील मुले एकत्र बसतात, त्यामुळे एकाकीपणाच्या आक्षेपाचेही उत्तर तेथेच मिळते. मुलींसाठी दुपारची वेळ आणि एका जबाबदार भगिनीची उपस्थिती निश्चित केली, तर पालकांची निम्मी धास्ती दूर होईल.

समाजात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी दहावीच्या निकालानंतरच्या जून महिन्यात आपल्या गावातील प्रत्येक उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण मुला-मुलीची यादी करावी. कोण कोठे प्रवेश घेत आहे, कोण घरी राहणार आहे, घरी राहणाऱ्याने कोणता फॉर्म भरला आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाला ज्या घरातून उत्तर मिळणार नाही, त्या घराचा उंबरठा पुन्हा चढावा. खोट्या हजेरीसाठी पैसे मोजणाऱ्या पालकालाही स्पष्ट सांगावे, की मूल घरी किंवा वर्गात शिकणार असेल तर तसे उघड शिकू द्या. मुक्त विद्यालयाचा मार्ग कायद्याने दिला आहे, त्यात कमीपणा नाही.

श्रेयांकांची पेढी शासनाने उघडली आहे. तिच्यात बाळापूरच्या मुलीचे खाते निघते की नाही आणि त्यात दर सत्राला भर पडते की नाही, हे बाळापूरकरांनीच पाहावयाचे आहे.