फुल स्लीव्ह्जचं गुपित

मे महिन्यात, बुलढाण्याच्या उन्हात फुल स्लीव्ह्ज घालणारी मुलगी पाहिलीय कधी? मी ती. चुलतबहिणीच्या लग्नाला वडनेर भोलजीला गेले होते. मुंबईच्या एसी ऑफिसांत लांब बाह्या ‘फॉर्मल लुक’ म्हणून खपून जातात. गावात मात्र दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारतंच, ‘गरम नाही होत का व?’

हळदीच्या दिवशी घोळ झालाच. वाटी घेऊन नवरीपाशी वाकले आणि बाही वर सरकली. कोपरावरचे लाल चट्टे, त्यावर चंदेरी खपल्या. ‘हे काय व बाई? गजकर्ण त नाही?’ म्हणत काकूंनी वाटी अलगद काढून घेतली. संध्याकाळी माझा टॉवेल दोरीच्या पार टोकाला, एकटाच वाळत होता.

तर सांगूनच टाकते. मला सोरायसिस आहे, चार वर्षं झाली. गजकर्ण बुरशीमुळे होतं आणि ते लागतं. सोरायसिस लागत नाही. टॉवेलने नाही, मिठीने नाही, एका डब्यात जेवूनही नाही. आपल्याच प्रतिकारशक्तीची गडबड असते ही. एरवी त्वचेच्या नव्या पेशी वर यायला साधारण महिना लागतो, इथे त्या काही दिवसांतच येऊन थडकतात आणि थर साचतो. पूर्वी याची गणना कुष्ठरोगातच व्हायची. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ मध्ये दोन्ही आजार स्पष्टपणे वेगळे केले. काकूंपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही, एवढंच!

पण काकूंना तरी काय बोलू? मास कॉमची डिग्री घेतलेल्या मी पहिले सहा महिने काय केलं? मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिलेली ट्यूब फासली. आठवड्यात चट्टे गायब! ट्यूब थांबवली आणि दुपटीने परत. त्यात जोरदार स्टेरॉइड होतं. स्किनच्या डॉक्टर चांगल्याच रागावल्या. स्टेरॉइडचं मलम वाईट नसतं, पण कुठे, किती आणि किती दिवस लावायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं. स्टेरॉइडच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर आजार भयंकर उसळू शकतो.

पूर्ण बरा होत नाही, पण आटोक्यात राहतो. आंघोळीनंतर लगेच मॉइश्चरायझर, वेळेवर औषध आणि खाजवायचं नाही, कारण ओरखड्यावरच नवा चट्टा उमटू शकतो. सिगरेट सोडली. डेडलाइन सोडता येत नाही, त्यामुळे त्या आठवड्यात कोपरं हमखास पेटतात.

हळदीच्या रात्री गच्चीवर आजी शेजारी येऊन बसली. इकडेतिकडे पाहून तिने लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. तेच चट्टे, तेच चंदेरी थर. ‘तुह्या बापाच्या जन्माच्या आधीपासून हाय,’ म्हणाली. खोबरेल लावते, कुणाला दाखवत नाही. आजार घराण्यात उतरू शकतो हे मला माहीत होतं, आमच्या घराण्यात तो आहे हे नव्हतं.

तिची बोटंही सुजलेली दिसली. सोरायसिस असलेल्या काहींना सांधेदुखीही होते आणि उशीर झाला तर सांधे कायमचे बिघडतात. सकाळी काकूंना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘लग्न उरकलं की अकोल्याले नेतो मायले दवाखान्यात.’

लग्नात मी हाफ स्लीव्ह्जचा ब्लाउज घातला. आजीने पाहिलं आणि विचारलं, ‘तुही ती डॉक्टरीण बाई हाय ना व?’