बंद घरांची नोंद कोण घेणार?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० अन्वये पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु त्याला येत असलेले रूप पाहता चिंता वाटते. पन्नास प्रश्नावल्या भरायच्या, टक्केवारी काढायची, ‘शासनाने लक्ष घालावे’ अशी शिफारस जोडायची आणि अहवाल बांधणीस द्यायचा! ही पाहणी कशासाठी, असे विद्यार्थी विचारीत नाही. कारण ते विचारावयाचे असते हेच त्याला कोणी शिकविलेले नसते.

आमच्या पालघर जिल्ह्याचेच पाहा. २०१४ साली जिल्हा झाला, कोळगावला मुख्यालय उभे राहिले, आणि तेथील योजना पाड्यापाड्यांवरून येणाऱ्या आकड्यांवर आखल्या जातात. येथील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत पाड्यावर गेलेल्या विद्यार्थ्याला नमुन्यातले घर बंद आढळते. तो शेजारच्या उघड्या घरी प्रश्नावली भरून मोकळा होतो. म्हणजे ज्यांना गाव सोडावे लागत नाही, त्यांचीच मोजदाद होते आणि पाड्याचे दारिद्र्य कागदावर घटते. भट्टीवरचा मजूर भेटलाच, तर त्याला ‘मासिक उत्पन्न किती?’ असे विचारले जाते. त्याने आगाऊ उचल घेतलेली असते, आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब हंगामाअखेर होतो. तो बिचारा काहीतरी आकडा सांगतो. सिमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारसाठी आदिवासींच्या स्थितीची पाहणी केली, तेव्हा लग्नाच्या कर्जापोटी राबणारे ‘लग्नगडी’ त्यांच्या अहवालात आले. केवळ मिळकतीचा रकाना भरून ते दिसले नसते.

हॅरॉल्ड मान यांची १९१७ साली प्रसिद्ध झालेली, पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची पाहणी विद्यार्थ्यांपुढे अवश्य ठेवावी. जुन्या नोंदी आणि प्रत्यक्ष पाहणी यांची सांगड घालून त्यांनी दाखविले, की १७७१ मध्ये सुमारे ४० एकर असलेले सरासरी धारणक्षेत्र १९१५ पर्यंत ७ एकरांवर आले होते. (आज त्याच जमिनीवर इमारती आहेत, हा भाग निराळा.)

तेव्हा प्रथम महिनाभर जनगणनेचे तक्ते, तलाठ्याचे दप्तर आणि ग्रामपंचायतीच्या नोंदी वाचावयास लावाव्यात. मग चार-पाच घरांत प्रश्नावलीची पूर्वचाचणी घ्यावी आणि निरुपयोगी प्रश्न निर्दयपणे खोडावेत. बंद घराची ‘बंद’ अशीच नोंद करून पावसाळ्यात तेथे पुन्हा जावे. एका सत्रात हे बसत नसेल, तर प्रकल्प दोन सत्रांचा करावा; ऋतुचक्र विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे फिरणार नाही. आणि अहवाल प्राध्यापकांच्या कपाटात जाण्यापूर्वी त्याच गावच्या ग्रामसभेत, घरांची नावे वगळून, वाचून दाखवावा. तेथे कोणी उठून आकडा चुकल्याचे सांगितले, तर त्या दुरुस्तीलाही गुण ठेवावेत.