शर्यतीचा झेंडा आणि चढता पारा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की गावोगावी सायकल शर्यतींचे फलक झळकू लागतात. कुठे महाराष्ट्र दिनाचे निमित्त असते, कुठे एखाद्या मंडळाच्या वर्धापनदिनाचे. शनिवारी संध्याकाळी एकेकट्याने वेळ लावून धावायचे आणि रविवारी सकाळी लांब पल्ल्याची शर्यत, असा दोन दिवसांचा कार्यक्रमही काही ठिकाणी असतो. मी डॉक्टर आहे आणि प्रौढ गटात हौसेने सायकलही चालवतो. त्यामुळे या शर्यती बंद करा असे मी म्हणणार नाही. मात्र उन्हाळ्यातली शर्यत कधी सुटायची हे पाहुण्यांच्या सोयीने ठरू नये, पाऱ्याने ठरावे, एवढे आग्रहाने सांगायचे आहे.

पत्रिकेवर वेळ असते सकाळी साडेसहाची. झेंडा दाखवणारे पाहुणे येतात आठला. मग नारळ, सत्कार, दोन शब्द. तोवर मुले उघड्या डांबरी रस्त्यावर रांगेत उभी. शर्यत सुटण्याआधीच त्यांना घाम फुटलेला असतो आणि शेवटचा जीव तोडून मारायचा टप्पा नेमका भर उन्हात येतो.

हा उशीर किरकोळ का नाही, ते समजून घेऊ. आपण खर्च करतो त्या शक्तीपैकी पायडलला साधारण पाचवा ते चौथा हिस्साच मिळतो. बाकी सगळ्याची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम वाळणे. सपाट रस्त्यावर अंगाला वारा लागतो, म्हणून ताप जाणवत नाही. चढ लागला की श्रम वाढतात, वेग मंदावतो, वारा पडतो आणि उष्णता अंगातच साठू लागते. कोकणासारख्या दमट हवेत तर घाम नुसता गळतो, वाळत नाही. शिवाय शनिवारी अंगातले पाणी कमी झाले आणि रात्री झोप धड झाली नाही, तर रविवारचा धोका आणखी वाढतो.

शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर जाऊन माणूस बरळू लागला, सायकल वेडीवाकडी चालवू लागला, विचारलेल्याचे भलतेच उत्तर देऊ लागला, की तो उष्माघात समजावा. अंग कोरडे पडले तरच उष्माघात, ही समजूत चुकीची आहे. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकते.

१३ जुलै १९६७ रोजी फ्रान्समधील प्रसिद्ध शर्यतीत इंग्लंडचा टॉम सिम्पसन व्हान्तू पर्वताच्या चढावर पडला. त्याला पुन्हा सायकलवर बसवले गेले. थोडे अंतर जाऊन तो कोसळला, तो उठलाच नाही. कडक ऊन होते आणि त्याच्या शरीरात उत्तेजक द्रव्यही सापडले. उत्तेजकाने थकव्याची सूचना दाबली जाते. आपल्याकडे ते काम टाळ्या आणि ‘सोडू नकोस रे!’ हा आरडाओरडा करतो. ज्याची शुद्ध हरपत आहे, त्याला जिद्द शिकवायची नसते. खाली उतरवायचे असते.

ऊन नुसते शर्यतीतच बाधते असेही नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानात भर दुपारी कार्यक्रमाला बसलेल्या लोकांपैकी दहाहून अधिक जण दगावले. तिथे कोणी सायकल चालवत नव्हते. व्यावसायिक सायकल शर्यतींसाठी आता जागतिक संघटनेची उष्णतेबाबत नियमावली आहे. हवेचे तापमान, दमटपणा, ऊन आणि वारा यांचा एकत्रित आकडा काढतात. तो २८ च्या वर गेला तर शर्यतीची वेळ बदलणे, मार्ग कमी करणे किंवा शर्यतच रद्द करणे, यांचा विचार होतो. व्यावसायिकांसाठी एवढी काळजी घेतली जाते, मग आपल्या शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी का नको?

आयोजकांनी तीन गोष्टी कराव्यात. शर्यत उजाडताच सोडावी. पाहुण्यांचा सत्कार बक्षीस समारंभात मांडवाखाली करावा. चढाच्या माथ्यावर आणि अंतिम रेषेवर पाण्याचे मोठे टब आणि बर्फ ठेवावा. उष्माघात झालेल्याला सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, डोके पाण्याबाहेर धरून टबात बसवावे आणि अंग थंड होऊ लागल्यावर दवाखान्यात हलवावे. पहिला अर्धा तास मोलाचा असतो. टब नसेल तर अंगावर सतत पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळ्यांचा इथे उपयोग नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे स्वयंसेवकांना स्पर्धकास थांबवण्याचा अधिकार द्यावा.

स्पर्धकांनी शर्यतीआधी दहा ते चौदा दिवस हळूहळू वाढवत उन्हाची सवय करावी. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करावे. घटलेला एक किलो म्हणजे सुमारे एक लिटर पाणी. लांब शर्यतीत नुसते पाणी ढोसणेही बरे नाही, त्याने रक्तातले मीठ उतरते. मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत किंवा जलसंजीवनी तहानेप्रमाणे घ्यावी. ताप, जुलाब असतील तर घरी राहावे. खिशात कांदा ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

पाहुणे उशिरा आले तर त्यांच्यावाचून शर्यत सोडता येते. सूर्य मात्र कोणासाठी थांबत नाही.