डॉज, डिझेल आणि डेट्रॉइट

मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या पुणेरी आईच्या बॅगेत काय असतं, हे वेगळं सांगायला नको. डिंकाचे लाडू, अळीव, मेतकूट, झबली-टोपडी. येताना बदाम, चॉकलेटं आणि शेजाऱ्यांनी मागवलेल्या व्हिटॅमिनच्या बाटल्या. पण माझ्या एका मित्राची मावशी डेट्रॉइटहून परतली, तेव्हा तिच्या बॅगेत जुन्या टी-शर्टांत गुंडाळलेले ब्रेकचे सहा सिलिंडर होते. चांगले जडशीळ, लोखंडी! विमानतळावर एक्स-रेमध्ये ते दिसले आणि बॅग बाजूला गेली. 'हे काय आहे?' या प्रश्नाला मावशींनी दिलेलं उत्तर आमच्या ग्रुपमध्ये आता म्हणीसारखं वापरतात : ''मला काय माहीत? भाच्यानं दिलंय. भावोजींच्या गाडीचं काहीतरी आहे.''

हा भाचा म्हणजे आमचा मित्र. त्याला आपण डेट्रॉइटकर म्हणू. गेली चौदा वर्षं तो डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात राहतो आणि गाडीची सीट मागेपुढे सरकवणाऱ्या मोटरीवर काम करतो. फक्त त्या मोटरीवर. भावोजी म्हणजे त्याचे बाबा, आमचे काका. वय एकोणऐंशी, मुक्काम एरंडवणे. आणि गाडी म्हणजे काकांच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी असलेली १९५२ ची डॉज किंग्जवे. सोळा फूट लांब! पोर्चमध्ये गाडी आहे की गाडीवर पोर्च बांधलाय, असा प्रश्न आम्हाला शाळेत असल्यापासून पडायचा.

सुरुवात झाली वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर. डेट्रॉइटच्या या रस्त्यावर १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, 'वुडवर्ड ड्रीम क्रूझ'. तिथे तीन वर्षांपूर्वी आमच्या मित्राला थेट घरच्या डॉजच्या तोंडवळ्याची गाडी दिसली. मालकानं कौतुकानं आत बसू दिलं. हा उजव्या दारानं आत शिरला आणि बघतो तर समोर स्टिअरिंगच नाही! ते डावीकडे. तिथल्या तिथे त्यानं घरी फोन लावला. पुण्यात रात्रीचे साडेअकरा वाजले होते. काकांनी फोन उचलून पहिला प्रश्न विचारला, ''कोण गेलं?''

कोणी गेलं नव्हतं, पण गाडी जायच्या बेतात होती. लॉकडाऊनमध्ये २०२० साली ती उभी राहिली ती राहिलीच. ब्रेक ऑइलनं पाणी धरलं, सिलिंडर गंजून आवळले. त्यातच बंगला रीडेव्हलपमेंटला द्यायचं ठरलं. बिल्डरच्या नकाशात गाड्या एकावर एक चढवणारं यांत्रिक पार्किंग होतं. काकांनी टेप घेऊन खणाची लांबी काढली, डॉजचं नाक बाहेरच राहत होतं. घर रिकामं करायला आठ महिने होते. 'भंगारवाल्याला द्या' असं सुचवणारे नातेवाईक होतेच. डेट्रॉइटकरानं जाहीर केलं, ''बाबा, गाडी मी रिस्टोअर करणार. इथून.''

इथून म्हणजे जवळजवळ तेरा हजार किलोमीटरवरून. आणि इथला लोकल पार्टनर कोण? अस्मादिक. मला पंक्चरवाल्याकडे जाण्यापलीकडे गाडीतलं काही कळत नाही. पण गेल्या दोन वर्षांत जे कळलं ते फार इंटरेस्टिंग आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ही 'अमेरिकन' गाडी आपल्या कुर्ल्याची आहे! अमेरिकन गाड्या मुंबईत जोडायचा धंदा तसा जुना. जनरल मोटर्सनं शिवडीला १९२८ सालीच कारखाना टाकला होता. पुढे सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, प्लायमाउथ, डिसोटो तयार व्हायला लागल्या. तयार म्हणजे काय, तिकडून सुटे भाग पेट्यांतून यायचे, इथे जोडायचे. तिघी सख्ख्या बहिणीच, जाळी आणि नाव वेगळं. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारनं धोरण बदललं : इथे बनवणार असाल तर राहा, नुसते जोडणारे नकोत. जनरल मोटर्सनं १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली आणि तिच्या फियाटनं, म्हणजे पुढच्या पद्मिनीनं, काय इतिहास घडवला ते तुम्हाला ठाऊक आहे.

काकांच्या वडिलांनी, डॉक्टरसाहेबांनी, ही डॉज १९६१ मध्ये सेकंडहँड घेतली. तिच्यात तेव्हा क्रायस्लरचं साडेतीन लिटरच्या वरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं. मग १९७३ चं तेलसंकट आलं, पेट्रोल कडाडलं आणि १९७४ मध्ये डॉक्टरसाहेबांनी ते इंजिन उतरवून पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवलं. पर्किन्स इंजिनं मद्रासची सिम्पसन कंपनी बनवायची. तेव्हा कितीतरी डॉज-प्लायमाउथनी हेच केलं. काही टॅक्सी झाल्या आणि वर्षानुवर्षं माणसं वाहत राहिल्या. ज्यांनी केलं नाही, त्या बऱ्याचशा कापल्या गेल्या.

डेट्रॉइटकराला हे सगळं माहीत होतं, पण कॅटलॉग उघडला की माणूस विसरतो. अमेरिकेत सत्तर वर्षांपूर्वीच्या गाडीचा दिवा, रबर, वॉशर, सगळं कॅटलॉगमधून घरपोच मिळतं. त्यानं पहिल्याच पार्सलमध्ये बल्ब पाठवले. अस्सल, त्या वर्षाच्या मॉडेलचे. मिस्त्रींनी बसवले, काकांनी स्विच ओढला. काय प्रकाश पडला हो! दिवाळीच. आणि दोन सेकंदांत फट्! सगळे गेले. कारण १९५२ ची डॉज सहा व्होल्टची, पण डिझेल इंजिनाच्या स्टार्टरसाठी ही गाडी १९७४ मध्येच बारा व्होल्टची झालेली. मिस्त्री शांतपणे म्हणाले, ''साहेब, कॅटलॉगची गाडी वेगळी, ही गाडी वेगळी.''

मिस्त्रींचं वय काकांच्या आसपास. नाना पेठेत कुठल्या बोळात इंची मापाचे पाने मिळतात आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात काय उचलायचं, हे त्यांच्या डोक्यात. चाकं काढायला आधी आम्ही एका टायरवाल्या पोराला बोलावलं होतं. त्यानं डाव्या बाजूच्या बोल्टला पान्यावर पाइप चढवून जोर लावला आणि दोन बोल्ट मोडले. मिस्त्री आले आणि कपाळाला हात लावून बसले. क्रायस्लरच्या त्या काळच्या गाड्यांत डाव्या अंगाच्या चाकांना उलटे आटे असतात. चाक फिरताना बोल्ट सैल पडू नयेत म्हणून केलेली सोय. सोडवायचं असेल तर आवळायच्या दिशेनं फिरवा! मागचे ड्रम काढायला वेगळा पुलर लागतो, तो त्यांनी जाड पट्टीतून स्वतःच बनवून घेतला.

ब्रेकच्या बाबतीत मात्र डेट्रॉइट जिंकलं. या गाडीच्या पुढच्या एकेका चाकात दोन-दोन सिलिंडर, मागे एकेक, एकूण सहा. स्टिअरिंग इकडे असो की तिकडे, हे तेच. मावशींनी आणलेले सहाच्या सहा गपकन बसले. मास्टर सिलिंडर मिस्त्रींनी भोसरीत लेथवर बोअर करून, स्लीव्ह मारून उभा केला. इथवर सगळे खूश होते.

मग त्यानं इंजिनाचा विषय काढला.

मिशिगनमध्येच त्याला जुनं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मिळालं. चालू स्थितीत. त्याचा प्लॅन तयार : समुद्रमार्गे पेटी, पर्किन्स बाहेर, हे आत, मग रंग, क्रोम आणि व्हिंटेज नंबर प्लेट. ''जशी १९५२ मध्ये होती तश्शी करायची, बाबा. ओरिजिनल.'' काका व्हिडिओ कॉलवर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ''त्या इंजिनानं गाडी बावीस वर्षं ओढली. पर्किन्सनं सेहेचाळीस. ओरिजिनल कुणाला म्हणायचं ते तूच ठरव.''

दोन आठवडे बापलेक एकमेकांशी फक्त माझ्यामार्फत बोलत होते. आमच्या पिढीतल्या बहुतेक घरांत हा सीन कुठल्या ना कुठल्या वस्तूवरून झालेला आहे. कुणाचा पितळी बंब, कुणाचा झोपाळा. लांब गेलेल्याला घर फोटोतल्यासारखं हवं असतं. इथे राहणाऱ्याला ते रोज वापरायचं असतं. मी काकांच्या बाजूचा, हे आधीच सांगून टाकतो. पण प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की डेट्रॉइटकरानं मला ते पेट्रोल इंजिन फोनवर ऐकवलं आणि मी चाटच पडलो. सुरू आहे की बंद, कळेना! आमचं पर्किन्स सुरू झालं की शेजारच्या बंगल्यातली भांडी वाजतात.

नियम बघितले तर गंमत आणखी वाढली. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार नकोत. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण ही गाडी रोजच्या कामाला काढायची नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं, अशाच कारणांसाठी. म्हणजे पर्किन्स ठेवलं तर 'मूळ रूप' कुठून दाखवणार? मिशिगनचं इंजिन बसवलं तरी ते या गाडीचं जन्माचं इंजिन नव्हेच. ते केव्हाच भंगारात गेलं. आणि प्लेट मिळालीच, तर पावसाळ्यात खडकवासल्याला कणीस खायला जाणं बंद. काकांचा मुद्दा हाच होता : ''साधी आरसी आहे, तिच्यावर डिझेलची नोंद आहे, पुढच्या वर्षापर्यंत वैध आहे. मला कणीस खायला जायचंय.''

शेवटी मीच डेट्रॉइटकराला एक प्रश्न विचारला. ''तू पेट्रोलच्या डॉजमध्ये कधी बसलायस?'' त्याचा जन्म १९८३ चा. शाळेच्या ट्रिपला उशीर झाला म्हणून डॉजमधून सोडलं होतं ती, आजोबांना शेवटचं दवाखान्यात नेलं ती, सगळी डिझेलची. जी गाडी तो 'परत आणायला' निघाला होता, ती त्यानं पाहिलीच नव्हती. फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाला, ''इंजेक्टर कधी सर्व्हिस केलेत शेवटचे?''

गाडी हलवली ती मे महिन्यात, सकाळी साडेपाचला. ट्रकवर टाकून न्यायला काकांनी साफ नकार दिला होता. विमा, पीयूसी, सगळे कागद डॅशबोर्डवर. तिकडे ट्रॉयमध्ये रात्रीचे आठ. माझा फोन मागच्या सीटवरून धरलेला आणि त्यात डेट्रॉइटकर, त्याची बायको, दोन मुलं. काका स्टिअरिंगवर, मिस्त्री शेजारी. फाटकात एकदा ब्रेक दाबून बघितला. गाडी जागच्या जागी थांबली आणि फोनमधून टाळ्या आल्या. कर्वे रस्ता, नळ स्टॉपचा दुमजली पूल, कोथरूड. वारज्याच्या पुढे शिवण्यात एक शेड भाड्यानं घेतलीय, तिथे मुक्काम. मॉर्निंग वॉकवाले थांबून फोटो काढत होते.

वारज्याच्या अलीकडे इंजिननं दोन आचके दिले आणि गाडी बंद. डिझेल लाइनमध्ये हवा. मिस्त्री खाली उतरायच्या आत फोनमधून आवाज आला, ''बाबा, फिल्टरवरचा स्क्रू आधी ढिला करा, बुडबुडे जाईपर्यंत हँडपंप मारा.'' काकांनी मागे वळून फोनकडे बघितलं. ''तुला कुणी शिकवलं?''

''तुम्हीच. ताम्हिणीत. मी सहावीत होतो.''

ते पेट्रोल इंजिन अजून ट्रॉयच्या गॅरेजमध्ये स्टँडवर उभं आहे, त्यावर मुलांची सायकलची हेल्मेटं अडकवलेली असतात. मावशी ऑक्टोबरमध्ये पुन्हा जाणार आहेत, यंदा धाकटीकडे. मिस्त्रींनी यादी दिलीय, त्यात एकच वस्तू आहे : उलट्या आट्याचे दोन बोल्ट.